वळूची किंमत कोणी द्यावी?

ब्राझील देशात २०२३ साली वियातिना-१९ ह्या नावाच्या, सुमारे अकराशे किलो वजनाच्या एका शुभ्र गाईच्या मालकीचा केवळ एक-तृतीयांश हिस्सा लिलावात सत्तर लाख रिआलच्या घरात विकला गेला, आणि त्या प्रमाणाने अख्ख्या गाईचे मोल काढले असता ते त्या वेळच्या विनिमयदराने ४३ लाख डॉलर, म्हणजे आपल्या चलनात पस्तीस कोटी रुपयांच्या आसपास भरले. ही गाय नेलोर जातीची. आणि नेलोर म्हणजे दुसरे तिसरे काही नसून आंध्रातील आपली ओंगोल, जी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जहाजांतून तिकडे जात राहिली आणि जिची अखेरची मोठी तुकडी १९६२ च्या सुमारास गेली. त्या तुकडीतील एका वळूला तिकडे ‘करवडी’ म्हणतात. ते ओंगोलजवळच्या एका खेड्याचे नाव आहे, आणि ब्राझीलच्या वंशावळीच्या दफ्तरांत ते आज एखाद्या राजघराण्याच्या मूळपुरुषासारखे आदराने नोंदलेले आढळते.

ही बातमी आपल्याकडे पोहोचली तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्यावर अभिमानाचे लेख लिहिले. तो अभिमान अस्थानी नाही, परंतु त्याच्या भरात एक प्रश्न मात्र झाकला गेला, आणि तो मला वाशीम जिल्ह्यासारख्या कोरडवाहू मुलखात अत्यंत महत्त्वाचा वाटतो. ज्या रक्ताला तिकडे कोटींची किंमत येते, ते रक्त जिथे उपजले त्या देशातील शेतकऱ्याच्या दावणीला त्याच जातकुळीची कालवड असली, तर तिला ती किंमत का येत नाही? आपले लोक अडाणी आहेत, त्यांना जातिवंत जनावराची पारख नाही, हे त्याचे उत्तर असू शकत नाही. वऱ्हाडातील कोणत्याही गुरांच्या बाजारात घटकाभर उभे राहावे: हेडी जनावराच्या जबड्यात बोटे घालून ते दुदाती आहे की चौसा की जुळलेले हे क्षणात सांगतो, खुरांची फट, वशिंडाची ठेवण, शेपटीचा गोंडा, चालताना मागचे पाऊल पुढच्या पावलाच्या ठशावर पडते की नाही, हे सारे न्याहाळतो, आणि मग दोघांच्या हातांवर उपरणे पडून त्याच्याखाली बोटांनी भाव ठरतो. इतकी सूक्ष्म पारख ज्या समाजापाशी आहे त्या समाजात उत्तम वळूवर भांडवल गुंतवणारा मनुष्य सापडत नसेल, तर त्याचे कारण पारखीत नव्हे, जमाखर्चात शोधले पाहिजे.

तो जमाखर्च मुळापासून मांडू. मांसासाठी गुरे पाळणाऱ्या देशात वळूची किंमत कशी उभी राहते? समजा, एका वळूकडे हंगामात पंचवीस गाई जातात आणि तो चार हंगाम उपयोगी पडतो. म्हणजे त्याची शंभर वासरे झाली. त्याच्या रक्ताच्या गुणाने प्रत्येक वासरू दूध तोडण्याच्या वेळी इतरांहून दहा किलो जड भरले, तर त्या एका वळूने आपल्या मालकाला हजार किलो वजन अधिक मिळवून दिले. त्या हजार किलोंचा बाजारात जो पैसा होईल, तेवढ्यापर्यंत त्या वळूसाठी सामान्य वळूपेक्षा जास्त रक्कम मोजणे हा शुद्ध व्यवहार होय. पुढे त्या वळूचे रेत गोठवून त्याच्या सहस्रावधी मात्रा करता आल्या की हाच गुणाकार शेकडो पटींनी फुगतो, आणि म्हणूनच २०१९ साली अमेरिकेत एक अँगस वळू १५ लाख डॉलरांवर गेला. वियातिनासारख्या गाईच्या बाबतीत तिचे स्त्रीबीज काढून, फलित करून दुसऱ्या गाईंच्या उदरात वाढवता येत असल्यामुळे तो गुणाकार मादीलाही लागू झाला. किंमत दिली जाते ती उभ्या जनावराची नव्हे, तर त्याच्या अजून न जन्मलेल्या संततीच्या वाढीव उत्पन्नाची.

ह्या व्यवहाराचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमधील डिशली येथील रॉबर्ट बेकवेल ह्याने निवडक पैदाशीचे शास्त्र रूढ केले, ही गोष्ट पुस्तकांत सर्वत्र आढळते. परंतु त्याहूनही मोठी युक्ती त्याने अर्थव्यवहारात केली. आपले उत्तम मेंढे तो विकीत नसे. एका हंगामापुरते मक्त्याने देई आणि हंगाम संपताच परत घेई. त्याने हेरले होते की एकदा मेंढा विकला की त्याच्या रक्तावरचा आपला ताबा सुटला. दुसऱ्या वर्षी विकत घेणाऱ्याच्या घरीच त्याचे मेंढे तयार होणार. १८१० साली चार्ल्स कॉलिंगचा ‘कॉमेट’ नावाचा वळू एक हजार गिनीला गेला, आणि तोही एकट्याने नव्हे, चौघांनी मिळून घेतला. पुढे १८७३ मध्ये न्यूयॉर्क मिल्स येथे ‘डचेस’ कुळातील एक शॉर्टहॉर्न गाय ४०,६०० डॉलरांना विकली गेली, तेव्हा मात्र किमतीचा आणि उपयोगाचा संबंध जवळजवळ तुटला होता. श्रीमंत लोक एकमेकांच्या प्रतिष्ठेसाठी एकमेकांकडून विकत घेत होते, रक्त शुद्ध राखण्याच्या हव्यासाने त्या कुळाची प्रजननशक्ती क्षीण होत चालली होती, आणि अल्पावधीत तो सारा डोलारा कोसळला. जातिवंत रक्ताची किंमत अखेरच्या ग्राहकाच्या ताटात किंवा पेल्यात पडणाऱ्या मालावर उभी असते. मधल्या साऱ्या कड्या त्याच्या जोरावर तग धरतात. तो ग्राहक नाहीसा झाला, किंवा त्याच्यापर्यंतचा रस्ता बंद झाला, की वरच्या टोकाची किंमत कितीही वंशावळी दाखवल्या तरी टिकत नाही.

आता ही कसोटी घेऊन वाशीमकडे वळावे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला, वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा आणि कारंजा ह्या सहा तालुक्यांचा हा जिल्हा. पैनगंगेच्या आणि तिच्या उपनद्यांच्या काठची काळी जमीन, बाकी मुरमाड माळ, आणि पावसावर अवलंबून असलेले पीक. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे परम श्रद्धास्थान. रेल्वे येण्यापूर्वी ह्या समाजाचे तांडे सहस्रावधी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून दक्षिणेतून उत्तरेपर्यंत ये-जा करीत, आणि त्यांच्या बैलांना, ते ओझे घेऊन महिनोन्महिने चालणारे असल्यामुळे, पक्की किंमत होती. १८६७ साली भुसावळ-अकोल्यावरून नागपूरपर्यंत लोहमार्ग पोहोचला आणि लमाणी बैलाचा व्यवसाय पाहता पाहता ओसरला. त्या बैलाचे रक्त वाईट झाले होते म्हणून नव्हे; त्याच्या पाठीला गिऱ्हाईक राहिले नाही म्हणून.

तरीही वऱ्हाडी गोऱ्ह्याचा दुसरा आधार शिल्लक होता, आणि तो म्हणजे नांगर. उमर्डा नावाने ओळखली जाणारी इकडची काटक, चपळ बैलजात, शेजारच्या वर्धा-नागपूरकडची पांढरी गवळाऊ, ह्यांची सारी कीर्ती बैलाच्या कामावर होती. गाईने दूध किती दिले हे दुय्यम. तिने नांगराला जोडी दिली की तिचे पालन-पोषण फिटले. गवळाऊच्या उद्धारासाठी वर्ध्यास जमनालाल बजाज ह्यांनी आयुष्याच्या अखेरीस गोसेवेचे जे कार्य हाती घेतले, तेही बैल आणि दूध ह्या दोन पायांवर उभे होते. परंतु गेल्या तीस-पस्तीस वर्षांत वाशीममध्ये ज्वारी आणि कपाशी मागे सरून सोयाबीन सर्वत्र पसरले, आणि सोयाबीनच्या मागोमाग ट्रॅक्टर आला. ह्या एका पालटाने गोठ्यावर दुहेरी आघात केला: बैलाचे काम गेले आणि ज्वारीचा कडबाही गेला. सोयाबीनचे कुटार जनावर कडब्याइतक्या आवडीने खात नाही, हे इकडच्या कोणत्याही गृहिणीला विचारावे. देशाच्या २०१९ च्या पशुगणनेत गोवंशातील नरांची संख्या २०१२ च्या तुलनेत सुमारे तीस टक्क्यांनी घटलेली दिसते, तर माद्यांची अठरा टक्क्यांनी वाढलेली दिसते. एका गाईच्या पोटी गोऱ्हा आणि कालवड सारख्याच संख्येने जन्मतात. तेव्हा नर गेले कुठे, हा प्रश्न ज्या आकड्यांनी उभा केला त्यांचा अर्थ कोणीही समजू शकेल.

तिसरा आधार म्हणजे अखेरची किंमत. म्हणजे काम संपलेल्या बैलाला जे चार पैसे येत आणि ज्यात भर घालून शेतकरी नवी जोडी घेई, ती. १९७६ च्या महाराष्ट्र प्राणी रक्षण कायद्याने गाय वाचवली होती, पण निकामी ठरलेल्या बैलाची वाट दाखल्याच्या अटीवर मोकळी ठेवली होती. १९९५ साली विधिमंडळाने संमत केलेल्या आणि २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्या संरक्षणात आले. ह्या कायद्याच्या इष्टानिष्टतेचा वाद येथे उकरून काढण्याची माझी इच्छा नाही. बहुसंख्य समाजाची एखाद्या प्राण्याविषयी उत्कट भावना असेल, आणि त्या भावनेला लोकनियुक्त विधिमंडळाने कायद्याचे रूप दिले असेल, तर त्या भावनेचा मान राखणे समजण्यासारखे आहे. माझा मुद्दा एवढाच की त्या मानाचा खर्च कोणीतरी देत असतो, आणि आज तो मुख्यतः मालेगाव किंवा मानोरा तालुक्यातील चार-पाच एकरांचा धनी देत आहे. त्याच्या दावणीचा बैल ज्या दिवशी जुवाखाली चालेनासा होतो, त्या दिवसापासून तो मालमत्ता न राहता देणे होतो.

ह्या प्रश्नावर आपल्याच भाषेतील एका श्रेष्ठ अर्थशास्त्रज्ञाने फार पूर्वी परखडपणे लिहिलेले आहे, ही गोष्ट आपण विसरलो आहोत. १९६६ साली मार्विन हॅरिस ह्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने भारतीयांची गोभक्ती हा अंधविश्वास नसून शेण, बैल आणि दूध ह्यांच्या गरजांतून घडलेली एक शहाणी परिसरव्यवस्था आहे, असा सिद्धांत मांडला, तेव्हा पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर ह्यांनी १९६९-७० मध्ये त्यावर आणि तत्सम गणिती प्रतिकृतींवर कठोर टीका करणारे लेख लिहिले. व्यवस्था टिकून आहे म्हणून ती किफायतशीर असली पाहिजे, हा तर्क त्यांना मान्य नव्हता. मला त्या वादात दोन्ही पक्षांचे थोडे थोडे पटते: हॅरिसने ज्या बैलाच्या बळावर आपला सिद्धांत उभारला तो बैल त्या काळी खराच अपरिहार्य होता, आणि दांडेकरांना ज्या अतिरिक्त जनावरांची चिंता होती ती आज, बैलच अनावश्यक होत असताना, अधिक खरी ठरत आहे.

असे असता, अशा मुलखात उत्तम वळूवर शेतकऱ्याने भांडवल घालावे असे आपण कोणत्या तोंडाने सांगतो? गोऱ्ह्याच्या अंगावर दहा किलो अधिक चढले, तर वाशीमच्या बाजारात त्या दहा किलोंना भाव नाही. उलट ते दहा किलो पोसण्याचा चारा मात्र लागतो. उरते ते दूध. आणि दुधाच्या बाबतीतही रक्ताची गुंतवणूक एकट्याने पेलणारी नाही, हे ध्यानी घ्यावे. पशुधन पर्यवेक्षक मोटारसायकलवर द्रवरूप नत्राचे छोटे भांडे बांधून येतो, उणे १९६ अंशांतून रेताची कांडी काढतो, कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरतो आणि गाईला भरतो. सर्व काही यथास्थित झाले तरी आपल्याकडे तीन कांड्यांमागे साधारणपणे एक गाय गाभण राहते. पुढे नऊ महिने नऊ दिवस, मग कालवड झाली तर तिला माजावर येऊन विण्यास तीनएक वर्षे. चार वर्षांनंतर कळते की आपण चांगले केले की वाईट. आणि वळूच चांगला की वाईट हे पक्के ठरवायचे, तर त्याच्या अनेक कन्या दुधावर येईपर्यंत सहा-सात वर्षे थांबावे लागते, शेकडो घरांच्या दुधाच्या नोंदी ठेवाव्या लागतात. इतका काळ आणि इतका विस्तार ज्या गुंतवणुकीला लागतो, ती खासगी खिशाची नव्हे, सार्वजनिक तिजोरीची गुंतवणूक होय.

गावाच्या ई-क्लास जमिनीवर, म्हणजे गायरानात, चरणाऱ्या खांडात तर ही गोष्ट उघड्या डोळ्यांना दिसते. एकाने जातिवंत वळू राखला, तर साऱ्या गावाच्या गाई त्याला लागतात आणि राखणाऱ्याला त्याचे काहीच मिळत नाही. दुसऱ्याने न बडवलेला एक किरटा गोऱ्हा खांडात सोडला, तर पहिल्याचे दहा वर्षांचे कष्ट दोन हंगामांत धुळीस मिळतात. लाभ सर्वांचा, खर्च एकाचा. हानी एकाकडून, भोग सर्वांना. बेकवेलने मेंढा विकण्याचे नाकारून ज्या अडचणीतून वाट काढली, तीच ही अडचण. परंतु कुंपण नसलेल्या कुरणात त्याचा उपाय चालत नाही.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते, असे मी म्हणतो ते अभिमानाच्या भरात नव्हे. मृताच्या नावे अकराव्या दिवशी वळू सोडण्याचा वृषोत्सर्ग हा विधी पाहावा: वळू सुलक्षणी हवा, अव्यंग हवा, चांगल्या दूधवाल्या गाईचा हवा, अशा अटी शास्त्राने घातल्या, त्याच्या अंगावर चिन्ह उमटवले, आणि तो मग कोणाच्याही मालकीचा राहिला नाही. एका घराने खर्च केला आणि गावाला वळू मिळाला. पारलौकिक पुण्य हे त्या गुंतवणुकीवरचे व्याज. संस्थानिकांनी हेच दरबारी खर्चाने केले. सांगलीच्या पटवर्धनांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गीर, ओंगोल, काँकरेज आणि स्थानिक म्हैसुरी रक्त एकत्र आणून कृष्णाकाठच्या चिकट काळ्या जमिनीसाठी जी भारदस्त कृष्णाखोरी जात घडवली, तिचा उपयोग पुढे अमेरिकेत ‘ब्राह्मन’ ही गुरांची जात घडवतानाही झाला. संस्थाने गेली, कृष्णाकाठी ऊस आणि यंत्रे आली, आणि ती जात आज विरळ झाली आहे. वृषोत्सर्गाचे वळूही कालांतराने नुसत्या रीतीपुरते उरले. १९२८ च्या शेतकी शाही आयोगाने हे दुष्टचक्र नेमके वर्णिलेले आहे: जनावरे जितकी निकृष्ट तितकी ती अधिक राखावी लागतात, आणि जितकी अधिक राखावी तितका चारा अपुरा पडून ती आणखी निकृष्ट होतात. शंभर वर्षे होत आली. चक्राची एक आरी मात्र बदलली आहे. तेव्हा शेतकरी बैलासाठी गाई वाढवीत होता. आज त्याला बैलच नको आहे.

सार्वजनिक पैसा ओतला म्हणजे काम झाले, असेही नाही. तो कोणत्या टोकाला ओतला हे पाहिले पाहिजे. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहनसिंग ह्यांनी विदर्भातील सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदतयोजना जाहीर केली. त्या सहांत वाशीम होता, आणि त्या योजनेत अधिक दूध देणाऱ्या जातिवंत गाई निम्म्या अनुदानावर वाटण्याची तरतूद होती. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात पी. साईनाथ ह्यांनी ‘द हिंदू’मध्ये वर्ध्याकडच्या अशा घरांची कैफियत मांडली, जिथे गाय कुटुंबापेक्षा अधिक खात होती. हिशेब सरळ आहे. चारशे किलोंच्या संकरित गाईला दिवसाला दहा-बारा किलो शुष्क खाद्य लागते. त्यातच देहपोषणासाठी दीड किलो आणि दर अडीच लिटर दुधामागे एक किलो खुराक धरला, तर दहा लिटर दुधाला साडेपाच किलो ढेप-पेंड रोज विकत आणावी लागते. ज्या घरात हिरवा चारा पिकवण्यापुरते पाणी नाही, ज्या गावाजवळ दुधाला बारमाही गिऱ्हाईक नाही, त्या घरी उत्तम रक्ताची गाय बांधणे म्हणजे कर्जाच्या भाराखाली वाकलेल्या माणसाच्या खांद्यावर आणखी एक तोंड देणे होय. ती गाय निकृष्ट नव्हती. ती तिथल्या चाऱ्यासाठी आणि बाजारासाठी निवडलेली नव्हती. जातिवंतपणाला स्थळाचे बंधन असते, हे ज्या दफ्तरातून अनुदान निघाले त्या दफ्तराला समजले नाही, आणि त्याची किंमत आधीच गांजलेल्या कुटुंबांनी दिली. मला ह्या प्रकरणाचा आजही संताप येतो.

उलट जिथे अखेरचे गिऱ्हाईक शाबूत आहे, तिथे शेतकरी रक्तावर पैसा घालण्यास कुणाच्या उपदेशाची वाट पाहत नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये आपल्याकडील बंदी उठली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याच्या कायद्यावर शिक्कामोर्तब केले. त्याबरोबर पश्चिम महाराष्ट्रात शर्यतीच्या खिल्लार खोंडांच्या किमती लाखांत बोलल्या जाऊ लागल्या, आणि इकडे वऱ्हाडात शंकरपट पुन्हा भरू लागले. पटाच्या जोडीचा मालक तिची आई कोण, बाप कोण, हे तीन पिढ्या मागे सांगतो. शर्यतीने शेतीचे भले होईल असे मी मुळीच म्हणत नाही. गोऱ्ह्याला किंमत येताच वंशावळ आपोआप स्मरणात राहते, एवढेच त्यातून दिसते.

दुसरे उदाहरण म्हशीचे. तिच्यावर तो कायदेशीर भार नाही. तिच्या दुधाला स्निग्धांशावर चांगला दर आहे, हेल्यालाही अखेर किंमत आहे. आपल्या पूर्णाथडी म्हशीला अलीकडे राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. नागपुरी तर पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. वऱ्हाडात मोठ्या प्राण्याच्या रक्तावर शेतकऱ्याचा स्वतःचा पैसा घालावयाचा असेल, तर तो आधी इथे घालावा असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ज्याच्यापाशी म्हशीपुरतेही पाणी नाही त्याच्यासाठी शेळी आहे, जिचा बोकड आठवड्याच्या कोणत्याही बाजारात रोख पैसा देतो. मांसाच्या जनावरावर महाराष्ट्रात रक्ताची खरी शास्त्रशुद्ध गुंतवणूक कोणी केली असेल, तर ती फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने. बंगालच्या सुंदरबनातील चिमुकल्या गारोळ मेंढीत जुळ्यांचा एक जनुक असतो. तो दख्खनी मेंढीत उतरवण्याचे काम बनबिहारी निंबकर आणि चंदा निंबकर ह्यांनी १९९० च्या दशकात हाती घेतले. १९९८ पासून पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियाचे कृषी संशोधन केंद्र त्यांच्या साह्यास होते, आणि त्यातून ‘सुवर्णा’ ही मेंढी धनगरांच्या कळपांपर्यंत गेली. ह्या कामाला दशकाहून अधिक काळ लागला, पैसा संशोधनाच्या तिजोरीतून आला, आणि लाभ धनगराला कोकराच्या विक्रीत मिळाला. अखेरचे गिऱ्हाईक आणि सार्वजनिक भांडवल ही दोन्ही टोके जुळली म्हणून ते साधले.

मग गाईचे काय करावे? उमर्डा आणि गवळाऊ ह्यांना नाहीसे होऊ द्यावे काय? मुळीच नाही. उन्हाळ्यात जिथे ४४-४५ अंश तापमान होते तिथे कमी पाण्यावर, कुटारावर जगणारे रक्त ही पुढील शतकाची ठेव आहे, आणि ब्राझीलने ओंगोलच्या ज्या गुणांवर आपला कळप उभारला ते गुण हेच: ऊन सोसणे, गोचीड सोसणे, हलक्या चाऱ्यावर टिकणे. परंतु ठेव राखायची तर राखणावळ दिली पाहिजे. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य शासनाने देशी गाईला राज्यमाता-गोमाता असा दर्जा दिला आणि गोशाळेतील देशी गाईमागे दिवसाला पन्नास रुपये अनुदान जाहीर केले. वर्षाचे ते १८,२५० रुपये होतात. गोशाळेतील भाकड गाईला जे मिळते, ते शेतकऱ्याच्या दावणीला बांधलेल्या, दरसाल वेत देणाऱ्या उमर्डा गाईला का मिळू नये, हे मला समजू शकलेले नाही. पहिल्या खर्चातून एक जीव जगतो आणि ते पुण्यकृत्य आहे; दुसऱ्या खर्चातून एक वंश जगेल.

ह्यास्तव जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात गाईच्या रक्तासाठी दुधाच्या योजनेपासून वेगळा खर्चाचा शीर्ष असावा, आणि त्यातून तीन गोष्टींना पैसा जावा. प्रत्येक निवडक खांडाच्या गुराख्याला मजुरी, कारण वळू कोणता लागला हे त्याच्याइतके कोणासही ठाऊक नसते. गावाने राखलेल्या वळूला खुराक, आणि तीन वर्षांनी तो दुसऱ्या गावाला बदलून देण्याची सक्ती, म्हणजे त्याच्याच मुली त्याला लागणार नाहीत. आणि जो शेतकरी अशा वळूपासूनचा गोऱ्हा तीन वर्षांचा होईपर्यंत सांभाळील त्याला त्या गोऱ्ह्याचे पोषणमूल्य रोख. ज्या रेतमात्रेतून दहांत नऊ कालवडी होतात ती लिंगनिश्चित मात्रा दुधाच्या संकरित गाईला उपयुक्त आहे, कारण तिथे नराला किंमत नाही. पण उमर्ड्यासारख्या बैलजातीवर तिचा सर्रास वापर झाला, तर पुढच्या पिढीचा वळू ज्या गोऱ्ह्यांतून निवडायचा ते गोऱ्हेच आपण जन्माला येऊ देणार नाही.

ह्यापैकी काहीही करण्याआधी, कृत्रिम रेतनाची जी नोंदवही पशुवैद्यकीय दवाखान्यात ठेवली जाते तिच्यात दोन रकाने वाढवावेत. किती कांड्या भरल्या आणि किती वासरे झाली ह्याचे आकडे वरिष्ठ कचेरीकडे दरमहा रवाना होतात. पण त्या वासरांतील नर किती, आणि ते नर दोन वर्षांनी कुठे आहेत, ही दुसरी माहितीही त्याच पानावर, त्याच कारकुनाच्या हातून भरली जावी, आणि सहाही तालुक्यांचा तो तक्ता दरसाल जिल्हा परिषदेच्या सभेपुढे वाचला जावा.